एकोणचाळीस अंकांची एक मूळ संख्या

'मूळ संख्या' हा शब्द आपण सर्वांनी पाचवी-सहावीच्या वर्गात ऐकलेला असतो आणि परीक्षा संपताच बहुतेकांनी तो शाळेतच ठेवून दिलेला असतो. म्हणून प्रथम थोडी उजळणी करू. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. बारा चिंचोके घेतले तर ते तीन-तीनच्या चार ओळींत किंवा सहा-सहाच्या दोन ओळींत नीट मांडता येतात. आता तेरा घ्या. कसेही मांडा, एखादा चिंचोका उरतो किंवा कमी पडतो. एका सरळ रांगेखेरीज त्यांची दुसरी मांडणी होतच नाही. म्हणून बारा ही संयुक्त संख्या आणि तेरा ही मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३, १७ अशी ही मालिका पुढे चालू राहते.

प्रस्तुत लेखात मला अशाच एका मूळ संख्येची ओळख करून द्यायची आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी, विषय अर्थशास्त्र. कला शाखेच्या मुलीने गणिताच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. पण या संख्येची कथा जितकी गणिताची आहे तितकीच ती 'एखादी गोष्ट खरी कशी ठरते' या प्रश्नाची आहे, आणि हा प्रश्न सर्वच शाखांचा आहे. ती संख्या अशी :

१७०,१४१,१८३,४६०,४६९,२३१,७३१,६८७,३०३,७१५,८८४,१०५,७२७

वाचायला सोपे जावे म्हणून तीन-तीन अंकांनंतर स्वल्पविराम दिले आहेत. एकूण अंक एकोणचाळीस. ही संख्या मूळ आहे. एक आणि ती स्वतः सोडून जगातील कोणत्याही पूर्णांकाने तिला निःशेष भाग जात नाही. वाचकहो, येथे क्षणभर थांबून एक प्रश्न मनाशी विचारावा : हे कोणाला कसे कळले? सर्व संख्यांनी भागून पाहिले म्हणावे, तर तेवढे आयुष्य कोणाला मिळाले?

हा प्रश्न सोडविण्यापूर्वी ही संख्या आली कोठून ते पाहू. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची गोष्ट आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. राजा प्रसन्न झाला आणि माग म्हणाला, तेव्हा त्या चतुर माणसाने पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, असे दर घराला दुप्पट दाणे मागितले. राजाची कोठारे रिती झाली, तरी पट काही भरला नाही. या गोष्टीत गणिताचा एक गमतीचा नियम लपलेला आहे. दोन घरांचे एकूण दाणे ३, तीन घरांचे ७, चार घरांचे १५, पाच घरांचे ३१. म्हणजे दर वेळी पुढच्या घरातील दाण्यांपेक्षा एक कमी. घरे जितकी, तितक्या वेळा २ चा गुणाकार करावा आणि त्यातून १ वजा करावा. पट चौसष्ट घरांचा न घेता एकशे सत्तावीस घरांचा घेतला, तर त्यावरील दाण्यांची एकूण संख्या म्हणजेच वर लिहिलेली आपली संख्या : २ चा १२७ वा घात वजा १. लिहिण्याच्या सोयीसाठी तिला आपण म(१२७) म्हणू. हा 'म' कोणाचा ते पुढे येईलच. (मी हे दुपटीकरण वहीत हाताने केले. एकशे सत्तावीस ओळी आणि साडेचार पाने लागली.)

३, ७ आणि ३१ या मूळ संख्या आहेत, १५ नाही. याचे कारण पटावरच दिसते. सहा घरांचे दाणे घेऊ : १, २, ४, ८, १६, ३२. दोन-दोन घरांचे गट पाडले तर ३, १२ आणि ४८ असे दाणे होतात. हे तिन्ही ३ च्या पाढ्यातले, म्हणून बेरीज ६३ हीही ३ च्या पाढ्यातली. तीन-तीनचे गट पाडले तर ७ आणि ५६, म्हणून तिला ७ नेही भाग जातो. घरांच्या संख्येचे असे सारखे गट पाडता आले की दाण्यांच्या संख्येलाही अवयव मिळतात. चौसष्ट घरांच्या मूळ पटाचेही तेच. ती प्रचंड संख्या ३ ने सहज भागली जाते. म्हणून दाण्यांची संख्या मूळ हवी असेल, तर घरांची संख्या मूळ असलीच पाहिजे.

पण तेवढ्याने काम भागत नाही. अकरा ही मूळ संख्या आहे. अकरा घरांचे दाणे २०४७. आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. घरांची संख्या मूळ असली तरी दाण्यांची संख्या कधी मूळ निघते, कधी निघत नाही. कधी निघते याचे साधे सूत्र नाही. प्रत्येक संख्येची स्वतंत्र चौकशी करावी लागते.

ही चौकशी करणाऱ्यांत ज्याचे नाव या संख्यांना चिकटले तो मारँ मर्सेन. आपला 'म' त्याचाच. तो फ्रान्समधील धर्मोपदेशक. जन्म १५८८, मृत्यू १६४८. त्या काळात विज्ञानाची मासिके नव्हती. देकार्त, फर्मा यांच्यासारखे विद्वान मर्सेनला पत्रे लिहीत आणि तो एकाचे विचार दुसऱ्याला कळवी. युरोपातील गणिताचे ते जणू टपाल कार्यालयच होते. अशा या बहुश्रुत माणसाने १६४४ साली एका ग्रंथात यादी दिली : घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ घेतले तर मूळ संख्या मिळतात, आणि २५७ पर्यंतच्या दुसऱ्या कोणत्याही घातांकाने मिळत नाहीत.

यादी दिली, पण पुरावा दिला नाही. ६७, १२७ आणि २५७ या घातांकांच्या संख्या त्या काळी तपासून पाहणे कोणालाही शक्य नव्हते, मर्सेनलाही नव्हते. तरी दोन शतकांहून अधिक काळ ही यादी उभी राहिली. यादीतील ६७ आणि १२७ हे आकडे शेजारी शेजारी बसले होते. दोन्ही एकाच माणसाने, एकाच वाक्यात, सारख्याच आत्मविश्वासाने लिहिलेले. त्यांतील एक खरा होता आणि एक खोटा. पण वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसत होते.

येथे थोडे घरचे सांगते. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. आजोबा अंगठा उठवीत. वडील सही करतात, पण हिशोबाचा कागद शेवटपर्यंत वाचण्याची त्यांना सवय नव्हती. कांदा बाजारात नेला की आडत्या पट्टी हातात देई. वर वजन आणि भाव, त्यातून हमाली आणि तोलाई वजा, आणि तळाला एक आकडा. तळाचा आकडा तेवढा आमच्या घरात यायचा. "एवढी मोठी माणसं, त्यांचं चुकेल कशाला?" असे वडील म्हणत. मी आठवीत असताना एका पट्टीची वजाबाकी मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून पाहिली. तळाचा आकडा एकशे दहा रुपयांनी कमी होता. वडिलांनी ती पट्टी दुसऱ्या खेपेला पुढे ठेवली. समोरून काही न बोलता पैसे परत मिळाले. ते मुद्दाम झाले होते की नजरचुकीने, याची चर्चा कोणी केली नाही. मला त्या दिवशी कळले ते इतकेच, की बरोबर पट्टी आणि चुकीची पट्टी दिसायला अगदी सारखी असते. शाई तीच, अक्षर तेच, शिक्काही तोच. फरक कळण्यासाठी मांडून पाहावे लागते.

मर्सेनची यादी म्हणजे अशीच एक पट्टी होती. ती मांडून कशी पाहायची, हा खरा प्रश्न होता.

सर्वांत सरळ मार्ग भागाकाराचा. एखाद्या संख्येला अवयव असतील तर ते जोडीने येतात, आणि जोडीतील लहान अवयव त्या संख्येच्या वर्गमूळापेक्षा मोठा असू शकत नाही. म्हणून वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. इटलीतील काताल्दी याने १५८८ साली म(१९), म्हणजे ५,२४,२८७ ही संख्या अशीच तपासली. तिचे वर्गमूळ ७२४ च्या आसपास, आणि तेथपर्यंत मूळ संख्या १२८. एकशे अठ्ठावीस भागाकार. काम कंटाळवाणे, पण होण्यासारखे.

पुढचा टप्पा ऑयलरचा. १७७२ साली त्याने म(३१), म्हणजे २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ असल्याचे दाखविले. त्या वेळी त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्याने भागाकारांची संख्या युक्तीने कमी केली. अशा संख्येला अवयव असलाच तर तो वाटेल तो असू शकत नाही; घातांकाच्या दुपटीने त्याला भागले असता बाकी १ च राहिली पाहिजे. अकराच्या उदाहरणात हे पडताळून पाहावे. अकराची दुप्पट बावीस. २३ ला २२ ने भागा, बाकी १. ८९ ला भागा, बाकी १. म(३१) साठी ६२ ने भागून बाकी १ राहील अशाच संख्या घ्यायच्या. शिवाय आठाने भागून बाकी १ किंवा ७ राहिली पाहिजे, अशी आणखी एक अट आहे. बाकीच्या साऱ्या आपोआप गळतात.

ही युक्ती म(१२७) ला लावून पाहू. तिचे वर्गमूळच वीस अंकी आहे. दोन्ही चाळण्या लावूनही तपासायच्या संख्या उरतात सुमारे २५ वर पंधरा शून्ये इतक्या. दर सेकंदाला एक भागाकार केला आणि झोप, जेवण सर्व सोडले, तरी ऐंशी कोटी वर्षे लागतील. म्हणजे भागाकाराचा रस्ता येथे बंद. कोणी कितीही कष्टाळू असला तरी बंद.

आणि तरीही १८७६ साली एका माणसाने कागद-पेन्सिलीच्या बळावर सिद्ध केले की म(१२७) मूळ आहे. त्याचे नाव एदुआर ल्यूका. हाही फ्रेंच. चकत्या एका खांबावरून दुसऱ्या खांबावर हलविण्याचे 'हनोईचा मनोरा' नावाचे कोडे आपण खेळला असाल. ते १८८३ साली यानेच प्रसिद्ध केले. त्या कोड्यात चकत्या जितक्या, तितक्या वेळा २ चा गुणाकार करून १ वजा करावा, तितक्या कमीत कमी चाली लागतात. म्हणजे तेथेही हेच कुटुंब!

ल्यूकाने प्रश्नच बदलला. अवयव शोधत बसण्याऐवजी त्याने एक कसोटी शोधली. तिला पुढे १९३० साली अमेरिकेतील डी. एच. लेमर याने सुटसुटीत रूप दिले. कसोटी अशी. ४ या संख्येपासून आरंभ करावा. तिचा वर्ग करून त्यातून २ वजा करावेत. आलेल्या संख्येला तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यावी. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा वजा २, पुन्हा बाकी. असे घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा करावे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. शून्य आली नाही तर मूळ नाही. (घातांक मात्र २ सोडून इतर मूळ संख्या हवा.)

लहान उदाहरण घेऊ. घातांक ७, संख्या १२७. पायऱ्या ७ वजा २, म्हणजे पाच. आरंभ ४. पहिली पायरी : १६ वजा २, म्हणजे १४. दुसरी : १९६ वजा २ म्हणजे १९४, १२७ ने भागून बाकी ६७. तिसरी : ६७ चा वर्ग ४४८९, वजा २ म्हणजे ४४८७, बाकी ४२. चौथी : ४२ चा वर्ग १७६४, वजा २ म्हणजे १७६२, बाकी १११. पाचवी : १११ चा वर्ग १२३२१, वजा २ म्हणजे १२३१९, आणि हे १२७ च्या बरोबर ९७ पट. बाकी शून्य. १२७ मूळ आहे.

आता २०४७ ची परीक्षा घेऊ. घातांक अकरा, पायऱ्या नऊ. बाकी क्रमाने अशा येतात : १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही. म्हणजे २०४७ मूळ नाही. गंमत अशी की या साऱ्या आकडेमोडीत २३ किंवा ८९ कोठेही भेटले नाहीत. संख्या संयुक्त आहे हे कळले, पण तिचे अवयव कोणते हे कळले नाही. घरात कोणीतरी आहे हे नक्की, पण कोण ते माहीत नाही, असा हा प्रकार आहे. संख्या फुटते हे ठाऊक असणे आणि ती कोठे फुटते हे ठाऊक असणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

म(१२७) साठी पायऱ्या फक्त १२५. कोठे ऐंशी कोटी वर्षे आणि कोठे एकशे पंचवीस पायऱ्या! अर्थात प्रत्येक पायरीवर एकोणचाळीस अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग करायचा आणि भागाकारही करायचा, हे हाताने करणे म्हणजे काय ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. ल्यूका स्वतः ३ या संख्येपासून आरंभ करीत असे. १२७ या घातांकाला तोही आरंभ चालतो. त्याच्या मदतीला मात्र या संख्येचा एक खास गुण आला, आणि तो आपल्यालाही शाळेतून परिचयाचा आहे.

९ ने भागल्यावर बाकी किती उरेल हे भागाकार न करता अंकांच्या बेरजेवरून कळते. ९९९ चे तसेच. १२३४५६ ला ९९९ ने भागायचे तर १२३ आणि ४५६ यांची बेरीज करा : ५७९. हीच बाकी. आता संख्या लिहिण्याची दुसरी पद्धत घेऊ, जिच्यात फक्त ० आणि १ हे दोनच अंक असतात आणि डावीकडे जाताना किंमत दुप्पट होते. या द्विमान पद्धतीत म(१२७) कशी दिसते? ओळीने एकशे सत्तावीस एक. दुसरा अंकच नाही. आपल्या दशमान पद्धतीत ९९९ चे जे स्थान, तेच द्विमान पद्धतीत तिचे. म्हणून तिने भागायचे काम म्हणजे नुसती बेरीज : उजवीकडचे १२७ अंक एका बाजूला, डावीकडचे उरलेले दुसऱ्या बाजूला, आणि दोहोंची बेरीज. ही आकडेमोड बुद्धिबळासारख्या पटावर सोंगट्या मांडून कशी करता येते, याचे वर्णन ल्यूकाने केले आहे : १ असेल तेथे सोंगटी, ० असेल तेथे रिकामे घर. अवघड काम असे एका खेळावर आणून ठेवणे, ही मला त्याची सर्वांत मोठी करामत वाटते.

ही कसोटी खरी का, याची सिद्धता येथे देत नाही. तिच्यात ३ चे वर्गमूळ येते आणि बीजगणिताची थोडी पुढची ओळख लागते. बी. एस्सी.च्या एका मैत्रिणीबरोबर बसून मी ती ओळीओळीने वाचली. ती एक-दोन पानांत मावते आणि तिच्यातील कोणतीही पायरी 'अमुक म्हणतो म्हणून' अशी नाही.

त्याच १८७६ साली ल्यूकाने मर्सेनच्या यादीतील शेजारी ६७ यालाही कसोटी लावली. तेथे शून्य आले नाही. म(६७) मूळ नव्हती. दोनशे बत्तीस वर्षे शेजारी बसलेले ते दोन आकडे एकाच माणसाने एकाच पद्धतीने वेगळे केले. पण म(६७) चे अवयव कोणते, हे पुढे सत्तावीस वर्षे कोणालाच सांगता येईना. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे अमेरिकन गणित संस्थेच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल याने ते सादर केले. असे सांगतात, की तो एक शब्दही न बोलता फळ्याकडे गेला, २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला, शेजारी १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार करून दाखविला, दोन्ही उत्तरे सारखी आली आणि तो जागेवर जाऊन बसला. ते उत्तर होते १४७,५७३,९५२,५८९,६७६,४१२,९२७. फळ्यावरचा गुणाकार तपासायला कोणत्याही पदवीची गरज नव्हती.

पुढे मर्सेनच्या यादीची पूर्ण छाननी झाली ती १९४७ सालापर्यंत. ६७ आणि २५७ हे आकडे चुकीने आत आले होते. ६१, ८९ आणि १०७ हे चुकीने बाहेर राहिले होते. एकूण पाच चुका. तरी या संख्यांना आजही मर्सेनचेच नाव आहे आणि ते योग्यच आहे, कारण त्याच्या यादीनेच पुढच्यांना कामाला लावले. मोठ्या माणसाचा मान ठेवणे आणि त्याचा हिशोब तपासणे यांत विरोध नाही.

म(१२७) चे आणखी दोन गुण सांगते. पहिला तिच्या वंशावळीचा. २ घ्या. २ चा दुसरा घात वजा १, म्हणजे ३. २ चा ३ रा घात वजा १, म्हणजे ७. २ चा ७ वा घात वजा १, म्हणजे १२७. आणि २ चा १२७ वा घात वजा १, म्हणजे आपली संख्या. पाचही मूळ! यापुढची पायरी मूळ आहे की नाही हे आजवर कोणीही ठरवू शकलेले नाही. ती संख्या लिहायला किती अंक लागतील, हा आकडाच अडतीस अंकी आहे. दुसरा गुण परिपूर्ण संख्येचा. ६ चे स्वतःखेरीज विभाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण म्हणतात. युक्लिडने इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास दाखवून ठेवले, की मर्सेनच्या प्रत्येक मूळ संख्येतून एक परिपूर्ण संख्या जन्मते. ३ ला २ ने गुणले की ६, ७ ला ४ ने गुणले की २८, ३१ ला १६ ने गुणले की ४९६. म(१२७) पासून अशी सत्त्याहत्तर अंकी परिपूर्ण संख्या मिळते.

ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी हा मान म(१२७) कडे १८७६ पासून १९५१ पर्यंत, पंचाहत्तर वर्षे राहिला. नंतर यंत्रे आली. केंब्रिजमधील संगणकावर १९५१ साली जी एकोणऐंशी अंकी मूळ संख्या सापडली, तीही हिच्याच वर्गाला १८० ने गुणून १ मिळविल्याने झालेली होती. यंत्राच्या मदतीशिवाय, निव्वळ हाताने सिद्ध झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या मात्र अजूनही म(१२७) च आहे.

"पण याचा उपयोग काय?" हा प्रश्न मला घरी विचारला गेला आणि वसतिगृहातही. हा प्रश्न जुना आहे. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ साली ऑयलरच्या म(३१) पासून झालेल्या परिपूर्ण संख्येविषयी लिहिले, की याहून मोठी कोणी शोधणारच नाही, कारण असल्या संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत. त्यानंतर पासष्ट वर्षांनी ल्यूका आला. १९५२ साली संगणकावर म(५२१) सापडली. आज संदेश गुप्त ठेवण्याच्या एका मान्य पद्धतीत तीच संख्या पायाशी आहे. आणि म(६७) ने जी गोष्ट शिकविली, की संख्या फुटते हे कळले तरी तिचे अवयव हाती लागत नाहीत, त्याच गोष्टीवर १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी गुप्त संदेशाची पद्धत उभारली. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार उघड सांगायचा आणि त्या दोन संख्या आपल्यापाशी ठेवायच्या. गुणाकार करणे सोपे, उलट जाणे महाकठीण. 'निरुपयोगी' म्हणून बाजूला ठेवलेल्या संख्या आज अशा पहाऱ्याच्या कामाला लागल्या आहेत.

शोध चालूच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ल्यूक ड्युरंट याने म(१३,६२,७९,८४१) ही मूळ असल्याचे जाहीर झाले. तिचे अंक ४,१०,२४,३२०. पानाला अडीच हजार अंक छापले, तरी सोळा हजारांहून अधिक पाने लागतील. ती जाहीर होण्यापूर्वी वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या प्रणालींनी तिची पुन्हा पुन्हा तपासणी झाली, आणि शेवटचा शब्द होता ल्यूका-लेमर कसोटीचाच. ही कसोटी फक्त मर्सेनच्या घराण्याला लागू पडते. कोणत्याही संख्येला लागू पडेल, निश्चित उत्तर देईल आणि संख्येतील अंक वाढले तरी ज्याचे काम हाताबाहेर जाणार नाही, असा मार्ग ऑगस्ट २००२ मध्ये आपल्याच देशात सापडला. कानपूरच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक मणीन्द्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी तो दाखविला. दोघा विद्यार्थ्यांची पहिली पदवी नुकतीच हाती आली होती. जगभरच्या गणितज्ञांनी तो निबंध वाचताना लिहिणाऱ्यांचे वय किंवा गाव विचारले नाही. पायऱ्या तपासल्या आणि त्या बरोबर निघाल्या.

ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी शेवटी एक काम ठेवते. घातांक १३ घ्यावा. तेरा घरांचे दाणे ८१९१. पायऱ्या अकरा. एक वही आणि एक दुपार पुरेल. मोबाईलवरचा गणक वापरला तर अर्धा तास. चौथ्या पायरीवर बाकी ३९५३ येईल, सातव्या पायरीवर ३६ हा लहानसा आकडा भेटेल आणि दहाव्या पायरीवर १२८. मग १२८ चा वर्ग करून दोन वजा करावेत आणि जे येईल त्याला ८१९१ ने भागावे. शेवटची बाकी किती ते मी येथे लिहीत नाही. तो आकडा आपल्या हातानेच आपल्या वहीत लिहिलेला बरा.

— द्वितीय वर्ष, कला